टॉक शोच्या रेकॉर्डिंगला प्रेक्षक म्हणून जायचंय? फ्लोअरवरून सांगतो

सांगलीच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे: “मी आणि माझी आई (वय ६८) गप्पांचे आणि विनोदाचे कार्यक्रम न चुकता बघतो, ‘चला हवा येऊ द्या’पासून कपिल शर्माच्या शोपर्यंत सगळे. एकदा तरी रेकॉर्डिंगला प्रत्यक्ष बसायचं आहे. ओळखीतल्या एकाने माणशी अडीच हजारांत पास मिळवून देतो असं सांगितलंय. घ्यावा का? तिथे नेमकं काय होतं, किती वेळ लागतो, आईला झेपेल का, पाहुण्यांशी बोलता येतं का?”

ताई, पैशांचं आधी सांगतो. एक रुपयाही देऊ नका. आपल्याकडे अशा कार्यक्रमांच्या रेकॉर्डिंगला प्रेक्षकांकडून तिकीट घेत नाहीत. कपिल शर्माच्या शोचे पास विकायची जाहिरात मध्यंतरी समाजमाध्यमांवर फिरत होती, तेव्हा खुद्द कपिलने जाहीरपणे लिहिलं होतं की ही फसवणूक आहे, आमचं शूटिंग बघायला येणाऱ्यांकडून आम्ही एक पैसाही घेत नाही. मराठी वाहिन्यांचंही तेच. निर्मात्याला तुम्ही हव्या असता. पडद्यावर रिकाम्या खुर्च्या दिसलेल्या त्याला चालत नाहीत, म्हणून बऱ्याचदा उलट तोच पैसे मोजून माणसं आणतो. या कामासाठी ऑडियन्स को-ऑर्डिनेटर असतात. उद्या दोनशे माणसं हवीत म्हटलं की ते दोनशे माणसं उभी करतात. त्यात कॉलेजची मुलं असतात, महिला मंडळं असतात, ज्येष्ठ नागरिक संघ असतात आणि शिफ्टचे पैसे घेऊन बसणारी क्राउडची नेहमीची मंडळीही असतात. या शेवटच्या लोकांना कमी लेखू नका. आठ तास खुर्चीत बसून चेहरा ताजा ठेवणं कष्टाचं असतं आणि ती माणसं ते इमानाने करतात.

मी मुंबईत मराठी आणि हिंदी नॉन-फिक्शन, म्हणजे मालिका सोडून गप्पा-विनोदाच्या, कार्यक्रमांवर फ्लोअर मॅनेजर म्हणून बरीच वर्षं काढली आहेत. फ्लोअर म्हणजे स्टुडिओतला चित्रीकरणाचा हॉल. प्रेक्षकांना बसवणं, त्यांना तापवणं, सूत्रधार आणि कंट्रोल रूम यांच्यामध्ये उभं राहणं, हेच माझं काम. म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

आत शिरायचे सरळ मार्ग असे. वाहिनीच्या आणि निर्मिती संस्थेच्या अधिकृत पानांवर लक्ष ठेवा. नवा सीझन सुरू होताना किंवा विशेष भाग असताना प्रेक्षकांसाठी तिथे आवाहन येतं. युनिटमध्ये कुणी ओळखीचं असेल, अगदी लाइटमन किंवा मेकअप दादा असला तरी, त्याला विचारा. को-ऑर्डिनेटरपर्यंत पोहोचायचा तो सगळ्यात जवळचा रस्ता आहे. आणि तुमच्या गावात महिला मंडळ असेल तर मंडळाच्या लेटरहेडवर निर्मिती संस्थेला पत्र लिहा. एकेकट्या माणसापेक्षा पंचवीस-तीस जणींचा गट को-ऑर्डिनेटरला कधीही बरा वाटतो, कारण एका फोनवर त्याच्या दोन रांगा भरतात. शिवाय एकमेकींना ओळखणाऱ्या बायका एकत्र बसल्या की लवकर मोकळ्या होतात, हसू एकीकडून दुसरीकडे पसरतं. फ्लोअरवर आम्हाला असे गट फार आवडतात.

पत्ता बहुतेक वेळा गोरेगाव पूर्वेच्या फिल्मसिटीचा असेल, म्हणजे दादासाहेब फाळके चित्रनगरीचा, किंवा मिरा रोड-घोडबंदर पट्ट्यातल्या एखाद्या स्टुडिओचा. चित्रनगरी १९७७ साली सुरू झाली, सुमारे ५२० एकरांत पसरली आहे आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे. मुख्य फाटकावर तुमचं नाव यादीत नसेल तर सुरक्षारक्षक आत सोडत नाही, मग तुम्ही कितीही लांबून आलेल्या असा. म्हणून कोणत्या कार्यक्रमाचं, कितव्या क्रमांकाच्या फ्लोअरवर रेकॉर्डिंग आहे आणि यादीत नाव कुणी घातलंय, एवढं आदल्या रात्री लिहून घ्या. रात्री पॅक-अपनंतर आतल्या रस्त्यांनी चालत निघू नका. तिथे बिबटे खरोखर फिरतात, मालिकांच्या सेटवरही शिरले आहेत. फाटकापर्यंत युनिटची गाडी मागायला संकोच करू नका.

आता वेळ. तुम्हाला घरी दिसतो तो भाग जाहिराती धरून तासाभराचा. त्याच्या रेकॉर्डिंगला चार ते सहा तास सहज लागतात, पाहुण्याला उशीर झाला तर त्याहून जास्त. को-ऑर्डिनेटर दुपारी बाराला बोलावतो तेव्हा पहिला शॉट तीनला लागला तरी आम्ही दिवस चांगला चाललाय असं म्हणतो. उशीर कशाने होतो तेही सांगतो, कारण माहीत असलं की चिडचिड कमी होते. पाहुणा दुसऱ्या शूटिंगवरून येत असतो. त्याचा मेकअप, कपडे, मग माइकिंग, म्हणजे कपड्यांच्या आतून लेपल माइक लावणं. कपडा सळसळतो असं साउंडवाल्याने सांगितलं की पुन्हा पहिल्यापासून. दरम्यान नाटुकल्याचा सेट बदलायचा असतो, तर सुतार, पेंटर, लाइटमन सगळे एकाच वेळी मंचावर असतात. अनेकदा एका दिवसात दोन भाग उरकतात. त्याला आम्ही बँक करणं म्हणतो. असं असेल तर पहिल्या भागानंतर प्रेक्षकांच्या जागा बदलतात, म्हणजे पुढच्या आठवड्यात तेच चेहरे त्याच खुर्चीत दिसत नाहीत. तुम्हाला पहिल्या रांगेतून उठवून मागे बसवलं तर अपमान मानू नका, प्रत्येकाचंच तसं होतं.

आईंबद्दल. नेता येईल, पण तयारीने. प्रेक्षकांची बैठक म्हणजे लाकडी पायऱ्या, त्यावर कार्पेट आणि खुर्च्या. कधी नुसतीच पाठ नसलेली बाकं. पायऱ्या उंच असतात आणि बाजूला कठडा असेलच असं नाही. गुडघ्यांचा त्रास असेल तर पोहोचल्या पोहोचल्या को-ऑर्डिनेटरला सांगा आणि खालच्या रांगेत, कडेची खुर्ची मागा. मध्येच उठायचं झालं तर दहा जणांना ओलांडावं लागत नाही. साखरेची गोळी असेल, ठरावीक वेळी खायचं असेल, तर तेही आधीच सांगा. पाणी, चहा, खाण्याचं पाकीट मिळतं, पण ते आईंच्या वेळेवर मिळेल याची खात्री देता येत नाही. डब्यात पोळीभाजी न्या, ब्रेकमध्ये बाहेर खाता येते. फ्लोअरवर खायची मनाई असते. त्यामागे कारण आहे, ते खाली आवाजाच्या भागात येईल. एसी जोरात असतो, कारण लाइट आणि कॅमेऱ्यांना थंडावा लागतो. जूनमध्येसुद्धा शाल घ्या. आणि बसल्यावर पहिल्यांदा बाहेर पडायचा दरवाजा कुठे आहे ते बघून ठेवा. सेट म्हणजे प्लायवूड, कापड, थर्माकोल आणि वायरींचं जाळं. कपिलच्या ‘कॉमेडी नाइट्स’चा फिल्मसिटीतला सेट २०१३च्या सप्टेंबरमध्ये जळून गेला होता. मी आजही नव्या फ्लोअरवर गेलो की आधी दरवाजे बघतो.

कपडे रंगीत घाला. गडद गुलाबी, मोरपंखी, आमसुली, हळदी, हे सगळं पडद्यावर छान दिसतं. शुभ्र पांढरं नको, ते लाइटमध्ये भगभगतं. बारीक रेघांचे आणि बारीक चौकडींचे कपडे नकोत, कॅमेऱ्यात त्या रेघा वळवळताना दिसतात. मोठ्या ब्रँडचं नाव असलेला टीशर्ट तर अजिबात नको. कार्यक्रमाचा प्रायोजक वेगळा असतो, मग तुम्हाला मागे बसवतात किंवा त्यावर चिकटपट्टी लावतात. मोबाइल बाहेर जमा करावा लागेल. त्याआधी घरी फोन करून सांगा की पुढचे काही तास लागणार नाही. मी पाहिलंय, आईचा फोन सहा तास बंद म्हणून गावाकडे मुलं कासावीस झालेली असतात.

एवढं झाल्यावर माणूस खुर्चीत बसतो आणि त्याला वाटतं, आता आपण कार्यक्रम बघणार. इथेच मला तुमच्याशी मनापासून बोलायचंय. त्या खुर्चीत बसलेला माणूस कार्यक्रम करतो. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. फ्लोअरवर आठ-दहा कॅमेरे असले तर त्यातले एक-दोन सतत तुमच्याकडे तोंड करून असतात. तुमच्या डोक्यावर माइक टांगलेले असतात, ते फक्त तुमचा आवाज घेतात आणि तो आवाज वेगळ्या ट्रॅकवर जातो. सूत्रधार वाक्य टाकतो आणि थांबतो. किती थांबायचं हे तो तुमच्या हसण्यावरून ठरवतो. हसू चढत असेल तर तो गप्प राहतो, उतरणीला लागलं की पुढचं वाक्य टाकतो. चांगल्या विनोदी नटाचं अर्धं कसब या थांबण्यात आहे, आणि ते थांबणं तो घरी आरशासमोर बसवू शकत नाही. त्यासाठी समोर जिवंत माणसं लागतात.

हे सगळ्या जगाला करोनाच्या काळात कळलं. २०२०च्या ऑगस्टमध्ये कपिलचा शो पुन्हा सुरू झाला तेव्हा प्रेक्षकांच्या जागी माणसांचे कटआउट उभे केले होते. ‘कौन बनेगा करोडपती’ला त्या वर्षी ‘ऑडियन्स पोल’ ही लाइफलाइनच काढावी लागली आणि त्या जागी ‘व्हिडिओ अ फ्रेंड’ आली. तिकडे अमेरिकेत ‘द लेट शो’चा सूत्रधार स्टीफन कोल्बेर घरातून कार्यक्रम करत होता. न्यूयॉर्कच्या पूर्ण भरलेल्या नाट्यगृहात तो परतला ते थेट १४ जून २०२१ला. ते भाग आज पुन्हा बघा. विनोद तेच, लेखक तेच, माणसंही तीच. पण वाक्य संपल्यावर एक पोकळी येते आणि नट ती भरायला धावतो, बोलण्याचा वेग वाढतो, हातवारे वाढतात. आमच्या फ्लोअरवर त्या काळात युनिटचे पंधरा-वीस लोक मास्क लावून हसायचे, तेवढ्यानेही नटांना धीर यायचा. प्रेक्षक परत आले त्या दिवशी पहिल्याच हशानंतर एक ज्येष्ठ नट विंगेत येऊन माझा हात धरून नुसता उभा राहिला होता.

रेकॉर्ड केलेलं हसू वापरत नाहीत का, हे लोक नेहमी विचारतात. वापरतात. हसण्याचा तयार आवाज लावायचं यंत्र चार्ली डग्लस या साउंड इंजिनियरने अमेरिकेत १९५०च्या दशकातच बनवलं होतं, आज तर ते बटण दाबण्याइतकं सोपं आहे. संकलनात दोन शॉट जोडताना खऱ्या हशाचा तुटलेला तुकडा सांधायला थोडा आवाज भरतात, त्यात मला गैर वाटत नाही. पण जिथे कुणीच हसलेलं नाही तिथे हशा चिकटवला की घरी बसलेल्या माणसाला ते लगेच कळतं. म्हणून मला तुमचं खरं हसू हवं असतं, आणि ते मिळवण्यासाठी रेकॉर्डिंगच्या आधी वॉर्म-अप असतो. कुणीतरी माइक घेऊन येतो, कोण कुठून आलंय विचारतो, गाणी म्हणायला लावतो, टाळ्यांचे प्रकार शिकवतो. बरेच चाहते या वेळी हाताची घडी घालून बसतात, की स्टार आला म्हणजे बघू. तसं करू नका. गळा आणि चेहरा मोकळा व्हायला वेळ लागतो, भजनाच्या सुरुवातीला पहिले दोन अभंग जसे आवाज लागेपर्यंतचे असतात तसंच हे. वॉर्म-अपमध्ये जो प्रेक्षक बोलता होतो, तो पुढे चार तास टिकतो.

आवाजाच्या बाबतीत काही गोष्टी पाळा. डोक्यावरचे माइक फार तेज असतात. वेफर्सच्या पाकिटाची चुरचुर, बांगड्यांची किणकिण, दाबलेला खोकला, सगळं त्यात जातं. खाण्याला मनाई आहे ती यासाठी. काचेच्या बांगड्या भरलेल्या हातांनी टाळ्या वाजवल्या की टाळीपेक्षा बांगड्याच ऐकू येतात, म्हणून त्या दिवशी हातात एखादंच कडं ठेवा. शिट्टी नको, तिने आवाजाची पातळी फाटते. आणि विनोदाचं शेवटचं वाक्य आधी ओळखलं तरी मोठ्याने बोलू नका. दरवेळी एक गृहस्थ असे असतात. नटाच्या आधी ते पंच बोलून टाकतात, बाजूचे दहा जण हसतात आणि मंचावरच्या माणसाच्या तीन दिवसांच्या तालमीवर पाणी पडतं. रिटेक घेतला तरी तो विनोद पुन्हा तसा उगवत नाही.

रिटेक हा चाहत्यांना सगळ्यात खटकणारा भाग. वाक्य अडलं, माइक पडला, कॅमेरा चुकला, की तेच पुन्हा. तुम्ही एकदा पोट धरून हसलेला असता आणि मी येऊन म्हणतो, पुन्हा घेऊया, तेवढाच उत्साह द्या. अशा वेळी ओढूनताणून हसू नका. माझा सल्ला असतो की दुसऱ्या वेळी बोलणाऱ्या नटाकडे बघू नका, ऐकणाऱ्या नटाकडे बघा. त्याचा चेहरा प्रत्येक टेकला वेगळा असतो. भाऊ कदमसारखा नट समोरच्याचं वाक्य नुसतं ऐकतानाही किती काय करतो हे टीव्हीवर दिसत नाही, कारण त्या क्षणी कॅमेरा बोलणाऱ्यावर असतो. तुम्हाला ते सगळंच दिसतं. दुसरं हसू तिथून आपोआप येतं.

मग येतात रिअ‍ॅक्शन शॉट. सुरुवातीला किंवा शेवटी मंच रिकामा असताना आम्ही प्रेक्षकांना सांगतो, आता टाळ्या, आता मोठं हसू, आता आश्चर्य, आता गंभीर. ते चित्रित करतो आणि संकलनात जिथे गरज असेल तिथे घालतो. पहिल्यांदा आलेल्या चाहत्याला हे फसवणुकीसारखं वाटतं, आणि त्या वाटण्याचा मी आदर करतो. त्याचं कारण मात्र तांत्रिक आहे. दोन टेक जोडताना मध्ये तिसरं काहीतरी दाखवावं लागतं, नाहीतर पाहुण्याचा हात एका क्षणात टेबलावरून मांडीवर उडी मारल्यासारखा दिसतो. पण एखाद्या बाईंनी गंभीर गोष्ट ऐकताना दिलेला चेहरा आचरट विनोदाला जोडणं, किंवा उलट, हे मला पटत नाही. मी ते संकलकांना सांगत आलो आहे आणि पुढेही सांगेन. आत जाताना तुमच्याकडून संमतीपत्रावर सही घेतात. तुमचं चित्रण कुठेही वापरायची परवानगी त्यात असते. वाचून सही करा. कुणी घाई केली तरी दोन मिनिटं घ्या.

हसण्याइतकंच मोल शांततेला आहे. ‘चला हवा येऊ द्या’मध्ये सागर कारंडे पोस्टमन होऊन पत्र वाचायचा, ती पत्रं अरविंद जगताप लिहायचे. आत्तापर्यंत थुकरटवाडीत हसून लोळलेली माणसं त्या पत्राने रडायची, पाहुणेही रडायचे. अशा प्रसंगी प्रेक्षकांची एक सवय घात करते: भावुक वाक्य आलं की मध्येच टाळ्या. वाचणारा थांबतो, धागा तुटतो, पाहुण्याच्या डोळ्यांत आलेलं पाणी तिथेच अडतं. अशा वेळी फ्लोअर मॅनेजरकडे बघा. तो हात खाली धरून उभा असेल तर टाळी नको. रडू आलं तर रडा, डोळे पुसायला घाई करू नका, नाक ओढल्याचा आवाज चालतो. दोनशे माणसं एकाच वेळी श्वास धरून बसलेली असतात, तो आवाज मला कुठल्याही टाळीपेक्षा प्रिय आहे, आणि तोसुद्धा त्या टांगलेल्या माइकमध्ये जातो.

आता तुमचा आवडीचा भाग: बोलायला मिळतं का? काही कार्यक्रमांत मिळतं. कपिलच्या शोमध्ये शेवटी प्रेक्षक पाहुण्यांना प्रश्न विचारतात. सुबोध भावेच्या ‘बस बाई बस’ची तर सगळी उभारणीच प्रेक्षकांतल्या बायकांच्या प्रश्नांवर होती. मात्र माइक कुणाकडे जाणार हे साधारण आधी ठरतं. संशोधन विभागातली एखादी मुलगी रांगांमधून फिरते, काय विचाराल, कुठून आलात, काय करता, असं बोलते. तेव्हा लाजू नका. तिला खरी गोष्ट सांगा. “मी तुमची खूप मोठी फॅन आहे” याचं ती काहीच करू शकत नाही, ते प्रत्येकजण म्हणतो. “बहीण बाळंतपणानंतर सहा महिने बोलत नव्हती, तुमच्या कार्यक्रमाने पहिल्यांदा हसली” असं कुणी सांगितलं तर ती धावत दिग्दर्शकाकडे जाते. प्रश्न एकच तयार ठेवा, दोन वाक्यांचा. पहिल्या वाक्यात तुम्ही कोण, दुसऱ्यात प्रश्न. आणि असा प्रश्न निवडा ज्याला हो-नाही उत्तर देता येणार नाही. “अमुक भूमिकेच्या वेळी भीती वाटली का?” यापेक्षा “त्या भूमिकेत सगळ्यात अवघड दिवस कोणता होता?” याला पाहुणा गोष्ट सांगायला लागतो.

माइक हातात आला की लगेच सुरू करू नका. तुम्ही कुठे बसल्या आहात हे कॅमेऱ्याला शोधायला दोन-तीन क्षण लागतात. उभ्या राहा, श्वास घ्या, सूत्रधाराकडे बघून हसा आणि मग बोला. माइक हनुवटीच्या खाली, तोंडापासून चार बोटं ठेवा. फुंकर मारून किंवा ठोकून बघू नका, तो चालू असतो. सांगलीच्या बोलीत बोला. शुद्ध पुस्तकी बोलायच्या नादात चांगली चांगली माणसं मंचासमोर लाकडासारखी होतात, आणि सूत्रधाराला पुढे काही करता येत नाही. तो तुमची थट्टा करेल, हेही धरून चाला. कपडे, नवरा, गाव, काहीही निघू शकतं. ते चालणार नसेल तर त्या मुलीला आधीच स्पष्ट सांगा: माझ्या वजनावर किंवा रंगावर विनोद नको. हे सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि जबाबदार युनिट ते पाळतं.

सेल्फीची अपेक्षा ठेवून येऊ नका. फोन बाहेर असतो आणि पाहुणा शेवटच्या शॉटनंतर लगेच निघतो. त्याला वाटेत गाठायचा प्रयत्न केला की सुरक्षारक्षक तुमच्या आईंनाही मागे ढकलतील, आणि ते मला बघवत नाही. आईंनी विणलेलं, शिवलेलं, घरी केलेलं काही द्यायचं असेल तर ब्रेकमध्ये को-ऑर्डिनेटरकडे द्या, सोबत नाव आणि चार ओळी लिहा. खाण्याचे पदार्थ बहुतेक वेळा सुरक्षेमुळे स्वीकारत नाहीत. चिठ्ठ्या मात्र वाचल्या जातात. मेकअप रूमच्या आरशाला प्रेक्षकांच्या चिठ्ठ्या खोचून ठेवणारे नट मी पाहिले आहेत.

कॅमेरा बंद असतानाची पंधरा-वीस मिनिटं वाया घालवू नका. खऱ्या चाहत्याने बघायचं ते तेव्हा असतं. सूत्रधाराच्या कानात इअरपीस असतो आणि पीसीआरमधून, म्हणजे कंट्रोल रूममधून, दिग्दर्शक त्याच्याशी बोलत असतो. समोर पाहुणा बोलतोय, कानात दुसराच आवाज आहे, प्रॉम्प्टरवर तिसरंच वाक्य आहे, आणि त्यातून तो पाहुण्याला एकटक ऐकतोय असं वाटायला लावतो. निलेश साबळेसारखा माणूस लिहायचा, दिग्दर्शन करायचा, सूत्रसंचालन करायचा आणि वर नकलाही करायचा. त्याच्या डोक्यात एका वेळी किती गोष्टी चालू असतील याचा अंदाज घरी बसून येत नाही. स्वतःची ओळ नसलेला नट अंधारात उभा राहून ओठ हलवताना दिसेल. जिमी जिबवाला, म्हणजे कॅमेरा लावलेली क्रेन चालवणारा, तिचा लांब हात तुमच्या डोक्यावरून अलगद फिरवेल, तेव्हा उभं राहू नका आणि हात वर करू नका.

तुमचा भाचा न्यू जर्सीत असतो असंही तुम्ही कळवलंय, म्हणून थोडं तिकडचं. न्यूयॉर्कला ३० रॉकफेलर प्लाझामध्ये जिमी फॅलनचा ‘द टुनाइट शो’ आणि सेथ मायर्सचा ‘लेट नाइट’, दोन्ही होतात. प्रवेश फुकट असतो, नोंदणी ऑनलाइन होते आणि सोळा वर्षांखालच्यांना घेत नाहीत. जागांपेक्षा जास्त तिकिटं वाटतात, त्यामुळे तिकीट हातात असूनही लवकर रांगेत उभं राहावं लागतं. फोटो असलेलं ओळखपत्र हवं, आपल्यासाठी म्हणजे पासपोर्ट. तिकडे आपल्यासारखे सहा तास लागत नाहीत. सुरुवातीचं मोनोलॉग, म्हणजे सूत्रधाराचं एकट्याचं विनोदी बोलणं, त्या दिवशीच्या बातम्यांवर असतं आणि तो भाग त्याच रात्री दाखवायचा असतो, म्हणून संध्याकाळच्या आत जवळजवळ प्रसारणाइतक्याच वेळात ते सलग चित्रण उरकतात. रिटेक फार थोडे. आपले कार्यक्रम आठवड्यांनी लागतात, संकलनाला वेळ असतो, म्हणून आपण तुकड्यातुकड्यांनी करतो. नाटकाची सवय असलेल्या माणसाला तिकडची पद्धत जास्त भावेल. मला आपली भावते, कारण आपल्याकडे प्रेक्षक दिवसभर सोबत असतात आणि शेवटच्या शॉटपर्यंत सगळ्यांची ओळख झालेली असते.

घरी परतल्यावर एक पथ्य. कोण पाहुणा होता, काय घडलं, कुणाचं नाव फुटलं, हे भाग लागेपर्यंत कुठेही लिहू नका, मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरसुद्धा नको. संमतीपत्रात बहुधा ते लिहिलेलंच असतं, आणि एक फुटलेली बातमी म्हणजे पुढच्या वेळी तुमच्या गटाचं नाव यादीतून कमी. निघताना को-ऑर्डिनेटरला प्रसारणाची तारीख विचारा, तो अंदाजे आठवडा सांगेल. आणि आईंना आधीच सांगून ठेवा की त्या दिसतीलच असं नाही. चार तासांच्या रेकॉर्डिंगमधून प्रेक्षकांचे मोजके शॉट उरतात. पण कान देऊन ऐकायला सांगा. कडेच्या खुर्चीवर माइक टांगलेला असेल तर त्यांचं हसू त्या भागात आहेच, आणि स्वतःच्या आईचं हसू तुम्हाला दोनशे जणांतूनही ओळखू येईल.